सारण कोरडं, पारी गार

मेक्सिकोत ऑक्टोबर उतरणीला लागला की बाजारात भोपळ्यांचे ढीग दिसू लागतात. खोल शिरांचा, मातकट सालीचा, हातात घेतला की दिसतो त्याहून जड लागणारा हा भोपळा. तिकडे त्याला ‘कालाबासा दे कास्तिया’ म्हणतात. १ आणि २ नोव्हेंबरला तिथल्या घरांत गेलेल्या माणसांसाठी वेदी मांडली जाते. झेंडूची फुलं, मेणबत्त्या, फोटो आणि त्या त्या माणसाच्या आवडीचं खाणं. त्या खाण्यात गुळाच्या पाकात मुरवलेल्या भोपळ्याच्या फोडी बहुतेक ठिकाणी असतातच. याच फोडी कुस्करून आटवल्या की सारण तयार होतं, आणि ते मैद्याच्या पारीत भरून भट्टीत भाजलं की झाली ‘एम्पनाडा दे कालाबासा’, म्हणजे भोपळ्याची एम्पनाडा.

नोव्हेंबरात सुरू झालेला हा सिलसिला नाताळ होईपर्यंत चालतो. १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री ‘पोसादा’ असतात. मरिया आणि योसेफ यांनी बेथलेहेमात आसरा शोधला, त्याची आठवण म्हणून लोक मेणबत्त्या घेऊन गाणी म्हणत दारोदार जातात. शेवटी एका घराचं दार उघडतं आणि सगळ्यांचं खाणंपिणं होतं. मातीच्या भांड्यात गूळ आणि दालचिनी घालून उकळलेली कॉफी आणि सोबत काहीतरी गोड, भाजलेलं. उत्तर मेक्सिकोत आणि सीमेपलीकडे टेक्ससमध्ये हे गोड म्हणजे पुष्कळदा हीच एम्पनाडा. एरवी ती पनादेरियात, म्हणजे तिथल्या बेकरीत मिळते. दारातच थाळा आणि चिमटा ठेवलेला असतो. तो उचलायचा, मांडण्यांमधून फिरायचं, हवं ते थाळ्यात घ्यायचं आणि गल्ल्यावर जायचं.

मराठी वाचकाच्या नजरेला ती पहिल्यांदा करंजीच वाटेल. आकार तोच, अर्धचंद्राचा. कडेला मुरड किंवा काट्याने दाबलेल्या रेघा. बाहेरून दालचिनीची साखर चोळलेली. मोडली की आत तपकिरी, दाट सारण दिसतं, पारीच्या आतल्या अंगाला धरून बसलेलं. भोपळ्याचा केशरी रंग त्यात जवळजवळ उरलेलाच नसतो, आणि तो उरू नये हेच बरं. का, ते पुढे येईल.

साहित्याची यादी कुणालाही घाबरवणार नाही इतकी साधी आहे: भोपळा, गूळ, दालचिनी, मैदा, चरबी, मीठ. तरीही घरी केलेली एम्पनाडा हमखास तीन प्रकारे बिघडते. तळ ओला राहतो, शिवण उकलून सारण ताटलीभर पसरतं, नाहीतर पारी चामड्यासारखी चिवट होते. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, पाणी. कच्च्या भोपळ्याच्या १०० ग्रॅम गरात ९० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. ते कुठे काढायचं, कुठे ठेवायचं आणि कुठे शिरू द्यायचं नाही, एवढंच या पदार्थात सांभाळायचं असतं. मसाल्याचं प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही.

कृतीकडे वळण्याआधी या यादीचा प्रवास पाहण्यासारखा आहे. यातला अस्सल मेक्सिकन काय तो भोपळाच. ओआहाका राज्यातल्या गिला नाकित्स नावाच्या गुहेत भोपळ्याच्या बिया सापडल्या. लागवडीखालच्या भोपळ्याच्या त्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या ठरल्या; म्हणजे त्या खंडात मका माणसाळण्याच्याही आधी भोपळा माणसाळला होता. मीठ सोडलं तर बाकी सगळं बाहेरून आलं. ऊस आणि डुकरं कोलंबसाच्या १४९३ सालच्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर उतरली आणि तिथून मुख्य भूमीवर गेली. मेक्सिकोत गहू पहिल्यांदा आपण पेरला, असा दावा हुआन गारिदो या आफ्रिकी वंशाच्या सैनिकाने १५३८ साली स्पेनच्या राजाकडे केलेल्या अर्जात केला आहे. दालचिनी श्रीलंकेची, आणि आजही श्रीलंकेच्या दालचिनीचं मेक्सिको हे मोठं गिऱ्हाईक आहे. सारण पारीत गुंडाळून भाजण्याची रीत स्पेनची.

उलट बाजूने, आपला लाल भोपळाही अमेरिकेतूनच आलेला. १४९२ नंतर जहाजांची ये-जा सुरू झाली तेव्हा तो इकडे पोचला आणि असा रुळला की घारगे, भरीत, रायतं, उपासाची भाजी अशा सगळीकडे त्याने जागा पटकावली. उसापासून गूळ करायचं ज्ञान मात्र आपल्या बाजूने पश्चिमेकडे गेलं. मेक्सिकोतला ‘पिलोनसियो’ म्हणजे शंकूच्या साच्यात ओतून घट्ट केलेला गूळच. त्यामुळे या पदार्थासाठी पुण्यात किंवा नागपुरात बसून परदेशी सामान शोधण्याची गरज नाही. कोल्हापुरी गूळ आणि मंडईतला भोपळा पुरेसा आहे.

आता भोपळा निवडण्याबद्दल. सालीची चकाकी गेलेली असावी, देठ सुकून बुचासारखा झालेला असावा, आणि आकाराच्या मानाने वजन जास्त भरावं. काढणीनंतर काही आठवडे ठेवलेला भोपळा ताज्यापेक्षा गोड लागतो, कारण या काळात त्यातल्या पिष्टाची हळूहळू साखर होत असते. माळ्यावर ठेवलेला जुना भोपळा चांगला, हे घारगे करणाऱ्यांना कुणी शिकवावं लागत नाही. कापलेली फोड घेत असाल तर गर गडद रंगाचा आणि घट्ट पाहून घ्या. दाबल्यावर पाणी सुटत असेल, आत सुतासारखे धागे लोंबत असतील, तर ती फोड भाजीला ठीक आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांनी हॅलोवीनला कोरायचा मोठा भोपळा मुळीच घेऊ नये. तो पाणचट आणि धागेदार असतो, शोभेसाठीच वाढवलेला. त्यापेक्षा बटरनट स्क्वॉश घ्यावा. तो आपल्या लाल भोपळ्याच्याच जातकुळीतला आहे आणि कालाबासा दे कास्तियाच्याही.

साधारण वीस-बावीस एम्पनाडांसाठी सालीसकट दीड किलो भोपळा लागतो. त्याचे मोठे तुकडे करायचे, बिया काढायच्या, पण साल ठेवायची. तुकडे ट्रेमध्ये कापलेली बाजू खाली करून मांडायचे आणि २०० अंश सेल्सिअसला पाऊण ते एक तास भाजायचे. सुरी लोण्यात शिरावी तशी शिरली की झालं. कुकरमध्ये शिजवण्याचा मोह टाळलेला बरा. कुकरात वाफ कोंडलेली असते, त्यामुळे भोपळ्यातलं पाणी आतच राहतं आणि वर आणखी मिळतं. ओव्हनच्या कोरड्या हवेत ते बाहेर पडतं आणि ट्रेला टेकलेल्या बाजूवर थोडी साखर जळून खमंग होते. ओव्हन छोटा असेल आणि इतकं मावत नसेल, तर भोपळा सोलून किसावा आणि जाड बुडाच्या कढईत चमचाभर तुपावर झाकण न ठेवता परतावा. भाजल्याचा खमंगपणा येत नाही, पण पाणी जातं.

पारंपरिक मेक्सिकन रीत मात्र वेगळी आहे. फोडी सालीसकट मोठ्या भांड्यात रचतात आणि गूळ, दालचिनीच्या काड्या, लवंगा, कधी संत्र्याची साल, कधी पेरू घालून मंद आचेवर शिजवतात. काही घरांत त्याआधी फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात. त्यामुळे त्या बाहेरून टणक राहतात आणि पाकात विरघळत नाहीत. आग्र्याचा पेठा करताना कोहळ्याला चुना लावतात तो याच कारणाने. चुन्यातलं कॅल्शियम फळातल्या पेक्टिनशी जोडलं जातं आणि पेशींच्या भिंती घट्ट होतात. वेदीवर ठेवायच्या फोडींसाठी हे उत्तम. सारणासाठी फोड मऊ हवी, तेव्हा चुन्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

भाजलेल्या भोपळ्याचा गर चमच्याने सालीपासून सुटतो. तो पातळ फडक्यात किंवा बारीक चाळणीत घालून अर्धा तास टांगून ठेवायचा, चक्का टांगतो तसाच. निथळलेलं केशरी पाणी ओतून देऊ नका, सूपमध्ये किंवा कणीक भिजवायला वापरता येतं. मग गर कुस्करायचा. मिक्सर नको, कारण त्यात हवा भरते आणि गर पेजेसारखा होतो. रवीने किंवा पुरणयंत्रातून काढलेला गर चांगला दाटसर राहतो.

यानंतरची आटवणी हा सगळ्या कृतीतला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे, आणि त्यावरच सगळं अवलंबून आहे. गर कढईत घालून आधी नुसताच परतायचा. मध्यम आच, हातात लाकडी उलथणं. पंधरा मिनिटांत तो निम्म्याच्या जवळ येतो आणि कढईच्या कडेला चिकटायला लागतो. मग २०० ग्रॅम चिरलेला गूळ घालायचा. गूळ पडला की सारण एकदम सैल होतं. पुरण करणाऱ्याला हे ठाऊक असतं. गूळ वितळतो आणि गरातलं उरलंसुरलं पाणीही ओढून बाहेर काढतो. इथे अनेकांचा धीर सुटतो आणि चमचाभर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालून घट्ट करण्याचा मार्ग धरला जातो. तसं केलेलं सारण दिसायला घट्ट असतं, पण त्यातलं पाणी जागच्या जागीच असतं. ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि शिवण उकलते. शिवाय चव कच्च्या पिठाची येते.

तेव्हा आटवायचंच. आणखी पंधरा-वीस मिनिटं, आच थोडी कमी करून. सारण फदफदतं आणि गरम थेंब हातावर उडतात, म्हणून लांब दांड्याचं उलथणं घ्या. तीन खुणा बघायच्या. कढईच्या तळावरून उलथणं ओढलं की मागे रेघ राहते आणि दोन्ही बाजू लगेच एकत्र येत नाहीत. सारणाची कड सुटते आणि ते गोळ्याने फिरायला लागतं. आणि रंग केशरीवरून तपकिरीकडे झुकतो. म्हणूनच वर म्हटलं की आतला केशरी रंग फार उरला असेल तर आटवणी कमी पडली असं समजावं. अर्धा चमचा सारण ताटलीत टाकून ताटली तिरकी करून पाहा. थेंबाभोवती पाण्याची कड दिसली तर अजून पाच मिनिटं. शेवटी दीड चहाचा चमचा दालचिनीची पूड, चिमूटभर लवंगपूड आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, नाहीतर नुसतं गुळचट लागतं.

दालचिनीबद्दल एक गोष्ट. बाजारात दालचिनी म्हणून मिळणाऱ्या जाड, एकाच थराच्या, लाकडासारख्या टणक साली बहुधा कॅशियाच्या असतात. मेक्सिकोत वापरतात ती श्रीलंकेची दालचिनी, कागदासारख्या पातळ थरांची गुंडाळी, बोटांनी चुरडता येणारी. तिचा वास सौम्य आणि गोडसर असतो. मिळाली तर तीच घ्या. नाही मिळाली तर कॅशिया चालेल, पण प्रमाण निम्मं करा, ती तिखट असते आणि भोपळ्याला झाकून टाकते.

सारण पूर्ण गार होऊ द्यायचं, शक्यतो रात्रभर फ्रीजमध्ये. गार सारण आणखी घट्ट होतं, आणि गरम सारण पारीवर ठेवलं तर पारीतली चरबी भाजण्याआधीच वितळते. टेक्ससमधल्या अनेक मेक्सिकन घरांत आता डब्यातला तयार भोपळ्याचा गर वापरतात. त्यात कमीपणा काहीच नाही, पण तोही पाणीदार असतो, आणि त्यालाही कढईत हीच शिक्षा भोगावी लागते.

आता पारी. करंजीच्या पारीत आपण कडकडीत मोहन घालतो. गरम तूप पिठावर पसरतं, कणाकणाला लागतं, आणि त्यामुळे करंजी सगळीकडून सारखी खुसखुशीत होते. एम्पनाडात चरबी गार आणि घट्ट घ्यायची असते, नेमकी उलट. ती पिठात पुरती मिसळू द्यायची नाही. वाटाण्याएवढे आणि तांदळाएवढे तुकडे तसेच राहू द्यायचे. पीठ लाटलं की हे तुकडे चपटे होऊन पातळ पापुद्र्यांसारखे पिठात पसरतात. ओव्हनमध्ये चरबी वितळते, तिची जागा रिकामी होते, आणि पिठातल्या पाण्याची वाफ त्या फटी फुगवते. साट्याच्या करंजीत जे काम आपण थरांवर साटा लावून हाताने करतो, ते इथे गार चरबीचे तुकडे आपोआप करतात. थर तितके सुबक येत नाहीत, पण वेळ पाव लागतो.

मेक्सिकोत यासाठी डुकराची चरबी वापरतात, आणि निव्वळ पारीचा विचार केला तर तिला तोड नाही. तिच्यात पाणी जवळजवळ नसतं आणि ती लोण्यापेक्षा जास्त वेळ घट्ट राहते. बहुतेक वाचक ती वापरणार नाहीत हे गृहीत धरून पर्याय सांगतो. नुसतं तूप घेतलं तर पारी नानकटाईसारखी भुसभुशीत होते, भरताना तडकते. नुसतं लोणी घेतलं तर थर छान सुटतात, कारण लोण्यातल्या १५-१६ टक्के पाण्याची वाफ होते, पण मुंबईच्या हवेत ते दहा मिनिटांत लोळागोळा होतं. वनस्पती तुपाने पारी चांगली होते, पण टाळूला मेणासारखा थर बसतो. माझं मत विचाराल तर २०० ग्रॅम चरबीपैकी १५० ग्रॅम लोणी आणि ५० ग्रॅम साजूक तूप, दोन्ही फ्रीजमध्ये दगडासारखं घट्ट केलेलं. बाजारातलं पिवळं लोणी खारं असतं, ते वापरलं तर वेगळं मीठ घालू नका.

परातीत ५०० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम साखर, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि लोणी बिनमिठाचं असेल तर एक चमचा मीठ एकत्र चाळून घ्यायचं. गार चरबीचे तुकडे त्यात टाकून बोटांच्या टोकांनी चोळायचे. तळहात लावायचा नाही, तो गरम असतो. खरखरीत रव्यासारखं दिसलं आणि मधेमधे वाटाण्याएवढे तुकडे जाणवले की थांबायचं.

मग पाणी, पण साधं पाणी नव्हे. उत्तर मेक्सिकोतल्या घरांत यासाठी दालचिनी आणि बडीशेप उकळून गार केलेलं पाणी घेतात, आणि त्या एका गोष्टीने पारीला स्वतःची चव येते. दोन काड्या दालचिनी आणि चमचाभर बडीशेप दोन वाट्या पाण्यात उकळून निम्मं करायचं, गाळायचं, फ्रीजमध्ये बर्फगार करायचं. तिकडची बडीशेप वेगळ्या झाडाची आणि अधिक उग्र असते, आपली बारीक लखनवी त्यातल्या त्यात जवळची. हे पाणी साधारण १२० ते १४० मिलिलिटर लागतं. एकदम ओतू नका. पिठाची मूठ वळली आणि सुटली नाही की पुरे. पोळीच्या कणकेसारखा मऊ गोळा व्हावा ही अपेक्षा इथे सोडावी लागते. गोळा थोडा भेगाळलेला, ओबडधोबड दिसतो आणि तसाच दिसला पाहिजे. जास्त पाणी घालून तिंबत बसलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणतं आणि भाजल्यावर पारी चिवट होते.

गोळा चपटा करून झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेवायचा. या तासाभरात तीन गोष्टी होतात. पाणी पिठात सगळीकडे सारखं मुरतं, जे काही ग्लुटेन तयार झालं असेल ते सैलावतं, आणि चोळताना मऊ झालेली चरबी पुन्हा घट्ट होते. हा तास वाचवायला गेलं की लाटताना पीठ आकसून मागे येतं.

लाटताना निम्मा गोळाच बाहेर काढा. तीन मिलिमीटर जाडीची मोठी पोळी लाटून डब्याच्या झाकणाने ११ सेंटिमीटरचे गोल पाडा. कडांचे तुकडे पुन्हा मळून लाटले तर चालतं, पण एकदाच. प्रत्येक गोलावर, मध्यापासून जरा एका बाजूला, मोठा चमचाभर सारण ठेवायचं. कडेला बोटभर जागा कोरी हवी. सारणाचा एक ठिपकासुद्धा कडेवर आला तर तिथे पारी चिकटत नाही, आणि भट्टीत नेमकी तिथूनच उकलते. कडेवर पाण्याचं किंवा अंड्याच्या पांढऱ्याचं बोट फिरवा, दुमडा, आणि सारणाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने दाबत या, म्हणजे आतली हवा निघून जाईल. कोंडलेली हवा तापली की फुगते आणि शिवणीवर जोर आणते.

मुरड येत असेल तर जरूर घाला. दिवाळीला करंज्यांना मुरड घातलेल्या हाताला इथे वेगळं शिकावं लागत नाही. मेक्सिकोतही ती घालतात, आणि काटा दाबून केलेल्या रेघाही तितक्याच चालतात. कातणं मात्र टाळा. ते कड कापतं खरं, पण दाबत नाही, आणि ओलसर सारणाला ती शिवण पुरत नाही. शेवटी वरच्या बाजूला काट्याने दोनदा टोचायचं. वाफेला जायला वाट नसेल तर ती स्वतःची वाट करते.

भरलेल्या एम्पनाडा वीस मिनिटं फ्रीजमध्ये आणि तोवर ओव्हन १९० अंशांवर. इथे एक युक्ती तळासाठी फार उपयोगी पडते. ट्रे ओव्हनमध्येच तापू द्यायचा आणि बटर पेपरवर मांडलेल्या एम्पनाडा कागदासकट त्या तापल्या ट्रेवर सरकवायच्या. गार एम्पनाडाचा तळ तापल्या धातूला टेकताच त्यातलं पाणी झपाट्याने वाफ होऊन निघतं, आणि सारणाचा ओलावा खाली उतरण्याआधी तळ पक्का होतो. गार ट्रेवर ठेवल्या तर चरबी आधी वितळून पिठात मुरते आणि तळ तेलकट, फिका राहतो. घरगुती छोट्या ओव्हनमध्ये वरची कांडी फार जवळ असते, तेव्हा मधला किंवा खालचा खण वापरा, नाहीतर वरून लाल आणि खालून कच्च्या अशी गत होते.

वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. वरच्या रंगावर जाऊ नका, एक उचलून तळ पाहा. तळ बदामी असेल आणि टोचलेल्या भोकांतून सारणाचे बुडबुडे येत असतील तर झालं. एखादी फुटली तर गुळाचं सारण कागदावर जळून काळं होईल, त्याने बाकीच्यांना काही होत नाही.

वरून काय लावायचं यावर तिथे दोन पंथ आहेत. भाजण्याआधी अंडं लावून चकाकी आणणारे एक, आणि भाजून झाल्यावर दालचिनीच्या साखरेत लोळवणारे दुसरे. मी दुसऱ्या पंथाचा. १०० ग्रॅम बारीक साखर आणि दोन चमचे दालचिनीची पूड ताटात पसरा. ओव्हनमधून काढल्यावर पाचेक मिनिटं थांबून, हाताला सोसतील इतक्या गरम असताना एम्पनाडा त्यात उलटसुलट करा. अगदी गरम असताना लावली तर बाहेर पडणाऱ्या वाफेने साखर ओली होऊन चिकट होते, आणि गार झाल्यावर ती चिकटतच नाही.

याच आकाराची एम्पनाडा न्यू मेक्सिको राज्यात नाताळला करतात ती वेगळी. मांस, मनुका आणि चिलगोज्यासारख्या पाइनच्या बियांचं सारण, आणि पुष्कळदा तळलेली. आपल्याकडे गोव्यात नाताळच्या कुसवारात, म्हणजे फराळात, नेवऱ्या असतात, त्याही तळलेल्या. भोपळ्याची एम्पनाडाही काही घरांत तळतात. तळताना पारीतलं पाणी बुडबुड्यांनी पटकन जातं, त्यामुळे ओल्या तळाची भीती नाही, पण सारण अधिकच घट्ट आणि शिवण अधिकच पक्की लागते. कढईत फुटलेली एक एम्पनाडा सगळं तेल खराब करते.

टिकाऊपणात ही करंजीची बरोबरी करत नाही. सुक्या खोबऱ्याच्या करंज्या डब्यात पंधरा दिवस राहतात, ही मात्र बाहेर दोन दिवस आणि फ्रीजमध्ये चार-पाच. तेव्हा सणाची तयारी आधी करायची असेल तर भाजून ठेवू नका. भरून, ट्रेवर सुट्या ठेवून फ्रीजरमध्ये गोठवा आणि मग पिशवीत भरा. महिनाभर चांगल्या राहतात. लागतील तशा काढून, न वितळवता, थेट तापल्या ट्रेवर ठेवा आणि नेहमीपेक्षा सहा-सात मिनिटं जास्त भाजा. उरलेल्या भाजक्या एम्पनाडा गरम करायच्या तर ओव्हनमध्ये किंवा मंद तव्यावर झाकण न ठेवता करा. मायक्रोवेव्हमध्ये सारणातलं पाणी पारीत शिरतं आणि दोन मिनिटांत ती चिवट होते.